हुग्गी खाऊन काढलेला स्कॅन

“बायोप्सी शुक्रवारी. सही करून घे त्यांची,” मॅनेजर साहेबांनी फाईल माझ्या हातात दिली.

समोर गौरव्वा बसल्या होत्या. वय सेहेचाळीस, गाव मैंदर्गी. सोबत मुलगी सविता, सोलापुरातच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रडून तिचे डोळे सुजले होते.

बायोप्सी म्हणजे सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढणं. लिव्हरवर व्रण साठत गेले की ते कडक होत जातं. त्याला फायब्रोसिस म्हणतात. सुई न टोचताही त्याचा अंदाज लागतो. बरगड्यांच्या मधे मशीनचा प्रोब धरायचा, बटण दाबायचं, आत बारीक टिचकी बसते. लिव्हर जितकं कडक तितका आकडा मोठा. अशी दहा रीडिंग घ्यायची. हे काम मी करते.

माझी शाळा नववीत सुटली. गोंदियाकडचं गाव सोडून मी सोलापूरला आले ती या तपासणी सेंटरची फरशी पुसायला. मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, मला मशीन शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, आणि त्याची धास्ती रोज असते.

रविवारी मैंदर्गीला आमचा कॅम्प झाला होता. तिथे गौरव्वांचं रीडिंग मीच घेतलं होतं. नऊ पॉइंट आठ. सातच्या आत असतं तर काळजी नव्हती. रिपोर्टवर छापून आलं, ‘फायब्रोसिस वाढलेला’.

“हिचे वडील दारूनं गेले, ह्याच आजारानं,” गौरव्वा मुलीकडे हात करून म्हणाल्या. “मी तर चहाबी बिनसाकरेचा पिते. तरी मलाच धरलं बगा. आता हिचं लगीन उरकते. माज्या डोळ्यादेखत. पावणे रविवारी येनार हायत.”

“अव्वा, शिक्षणाचं एकच वर्ष राहिलंय की गं!” सविता आईला म्हणाली.

“वर्सभर मी ऱ्हाते का न्हाय, कुनाला ठावं?”

मी फाईल चाळली. रक्ताचे रिपोर्ट होते. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून व्रणांचा अंदाज काढतात. मॅडमनी मला ते कॅल्क्युलेटरवर शिकवलंय. गौरव्वांचा आकडा एकच्याही खाली आला. म्हणजे मोठे व्रण असण्याची शक्यता फार कमी. रक्त एक सांगत होतं, मशीन दुसरं. दहाही रीडिंग एकसारखी होती, म्हणजे माझा हातही हलला नव्हता.

मग मला रविवारचा कॅम्प आठवला.

“मावशी, रविवारी तपासणीआधी काही खाल्लं होतं?”

“आं? हुग्गी खाऊनच आलो की! वाटी भरून, वर तूप. रिकाम्या पोटी तपासून घ्यायला आमी काय कोंडवाड्यातली जनावरं हाय व्हय?”

हुग्गी म्हणजे गव्हाची घट्ट खीर, पोटभरीचं जेवणच. खाल्ल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त धावतं आणि आकडा फुगतो. तीन तास पोट रिकामं लागतं. सेंटरमध्ये हे काउंटरवरची सिस्टर विचारते, मला कधी विचारावं लागलं नव्हतं. मैंदर्गीला दारात आलेल्याला उपाशी ठेवत नाहीत. त्या दिवशी जो तो दुसऱ्याला ‘ऊट आयता?’ म्हणत होता. जेवण झालं का, हा तिथला नमस्कारच. मी आतल्या खोलीत होते. मला वाटलं, तपासून झालेले लोक जेवतायत. माझं काम होतं ते विचारण्याचं, आणि सगळ्या गावात विचारलं नाही ते मी एकटीने.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, लोक जेवून आले होते.”

“माहितीये. उपाशी या म्हटलं असतं तर दहा माणसं तरी आली असती का?”

म्हणजे उपाशी येण्याची मॅडमची सूचना त्यांनीच कॅम्पच्या पत्रकातून काढली होती.

“मग हे रिपोर्ट चुकीचे आहेत.”

“तू किती शिकलीस गं? नववी पास ना?”

“नापास, सर.”

“मग रिपोर्टवर बोलू नकोस. गप सही घे, नाहीतर उद्यापासून परत फरशी.”

फरशीचं मला काही वाटत नाही, ती मी पुसलीये. पण एक बाई मुलीचं शिक्षण मोडायला निघाली होती, आणि ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं! मॅडम पुण्याला कॉन्फरन्सला होत्या. बाथरूममध्ये जाऊन मी फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सही घेऊ नकोस. उद्या सकाळी उपाशी बोलव. साहेबांशी मी बोलते.”

दुसऱ्या दिवशी गौरव्वा पाण्याचा घोटही न घेता आल्या. उजवा हात डोक्यामागे घेऊन आडव्या झाल्या. दहा टिचक्या. सहा पॉइंट एक.

मी स्क्रीन सविताकडे वळवली. तिने तो आकडा दोनदा वाचला.

“आता पावण्यांना काय सांगू?” गौरव्वा पडल्या पडल्याच म्हणाल्या.

“सांग की, अव्वा पास झाली. आता पोरीची परीक्षा हाय,” सविता म्हणाली.

मॅडमनी कॅम्पमधल्या सगळ्यांना परत बोलवायला सांगितलं. “सेंटरची बदनामी होईल,” साहेब म्हणाले. मॅडमनी यादी माझ्या हातात दिली. आता पत्रकावर पहिली ओळ उपाशी पोटाची असते. ती सुचवल्याचं श्रेय साहेब घेतात. घेऊ देत.

मशीन आकडा देतं, ते विचारत काही नाही. विचारायला माणूस लागतो, आणि त्याला नववीसुद्धा पास असावं लागत नाही.

यादीतले तिघं अजून फोन उचलत नाहीत. त्यांच्याही कपाटात त्या रविवारचाच रिपोर्ट असेल. मी रोज लावते.