साडूंच्या वाफ्यांचं पांघरूण

उघडी जमीन पाहून ज्याला लाज वाटते असा एकच गृहस्थ या मुंबई बेटावर झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. स्वतः ते उघड्या अंगाने परळभर हिंडत. पण वाफ्यातली चार बोटं माती उघडी दिसली की खांद्यावरचं उपरणं काढून तिच्यावर घालतील की काय, असं वाटे. आमची परसं लागून. मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. त्या कुंपणापलीकडच्या दृश्याने माझी जेवढी झोप घालवली तेवढी ढेकणांनीही घालवली नाही.

माघातल्या भाजीपाल्याच्या प्रदर्शनात कोबीचं पहिलं बक्षीस मला हवं होतं, आणि दरसाल ते साडूंना मिळे. माझे वाफे देवघरासारखे झाडलेले. वर रांगोळी काढायचीच काय ती बाकी. साडूंच्या वाफ्यांवर मात्र गावचा केर: वाळका पाला, ते नोकरी करीत त्या माझगावच्या गोदीत खोक्यांतून येणारं गवत, पावसाळा सरल्यावर लोकांनी घरांवरून उतरवलेल्या झावळ्या. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असता ते एकटक वर पाहत होते. मला वाटलं, गहिवरले. शेवटच्या अक्षता पडताच व्याह्यांदेखत विचारते झाले, "मांडव कधी उतरवणार?" व्याही दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या केराखाली माती ओली राही, पाणी निम्मं लागे, आणि गड्डा असा भरे की उचलायला दोन्ही हात लागत. प्रदर्शन आटोपलं की बक्षिसाचा गड्डा साडू आमच्याकडेच पाठवीत. "भावोजींचा कोबी कसा गोड लागतो," ही म्हणे. कोबी वातूळ असतो, असं सांगून मी तो पानात घेत नसे. सहा वर्षं मी असा वात सांभाळला.

साडू मृगात वाफ्यांत ताग पेरीत आणि श्रावणात कापून जागच्या जागी आडवा करीत. एक वर्षी न विचारता मीही पेरला. त्यांचा कापून झाला तेव्हा माझा छातीएवढा उभा होता आणि पुढे पिवळाधमक फुलला. हिला पूजेला फुलं झाली. त्यांचा बिचारा फुलायचा राहिला म्हणून मी मनातून खूश. भाद्रपदाअखेर विळा लावला तो दांडे सुंभासारखे चिवट, कुजता कुजेनात. रोपं त्यांत अडकून खुरटली. साडूंनी कुंपणावरून डोकावून पाहिलं.

"साडूभाऊ, दोर वळायचा विचार आहे की काय?" मग हळूच म्हणाले, "फुलायच्या आधी कापायचा हो. विचारायचं होतंत."

तेवढंच तर मला जमत नव्हतं.

पुढे प्लेग आला. साडू बिऱ्हाड आवरून कोकणात निघाले. परस माझ्या हवाली करताना एवढंच म्हणाले, "वाफ्यांचं पांघरूण काढू नका." आम्हीही बाहेरगावी राहून साथ ओसरल्यावर परतलो. साडू मात्र तिकडेच राहिले. मी पांघरूण काढलं नाही. मृगात त्यांच्या वाफ्यांत ताग पेरला, वेळेवर कापला, आणि माघात पहिलं बक्षीस मला मिळालं. चांदीचा पेला आणि गड्डा मी फडताळावर शेजारी शेजारी मांडले, आणि साडूंना चार पानी पत्र लिहिलं.

उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं: "बक्षिसाचं समजलं. चवीला कसा होता?"

गड्डा अजून फडताळावरच होता. त्या दिवशी हिला तो चिरायला सांगितला आणि दोनदा मागून घेतला. हात धुवायला परसात गेलो. सवयीने कुंपणापलीकडे पाहिलं. डोकावायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं, "बरा होता." मग खाली आणखी एक ओळ घातली: "तुमचा मी कधी खाल्लाच नाही."