साहेबांची बहीण

"ये रे पुढं. जरा गाऊन दाखव मंडळींना," साहेब मला म्हणाले.

यवतमाळच्या वाचनालयाचा हॉल. खुर्च्या गच्च. साहेब आपल्या नव्या पुस्तकातलं एक व्यक्तिचित्र वाचत होते आणि लोक पोट धरून हसत होते. व्यक्तिचित्र माझ्या आईचं होतं. लेक मेली तर ही बाई लग्नाचं गाणं गाते, असं त्यात लिहिलं होतं.

मी मागं भिंतीशी उभा. हातात हारांची टोपली.

"लाजतो काहून बे?" कोणीतरी ओरडलं. "लमानाले कायची लाज? म्हन!"

साहेब नटांची, पहिलवानांची, गवयांची चरित्रं लिहायचे. मुंबई-पुण्याच्या मासिकांत फोटोसकट यायची. मी उमरखेडकडच्या तांड्यातला. सातवीत शाळा सुटली, घर लांब राहिलं. माझं अक्षर बघून साहेबांनी ठेवून घेतलं. त्यांच्या लिखाणाची शुद्ध प्रत मी करायचो. ते मला ताटाला ताट लावून जेवायला बसवायचे. त्याआधी कोणी बसवलं नव्हतं. फार बरं वाटायचं. आणि उद्या हाकलतील का, ही धास्ती रोजची.

त्यांची एक रीत होती. समोरचा बोलेना, की ते आधी आपलं दुःख काढायचे. घाटंजीच्या पहिलवानाला म्हणाले, माझा भाऊ तापानं गेला. म्हाताऱ्या नटीला म्हणाले, मी आईविना वाढलो. ऐकणाऱ्याचे डोळे भरायचे, पोटातलं ओठावर यायचं. मी शेजारी बसून उतरवून घ्यायचो. एकाच घरात एवढी मरणं कशी, असं मनात यायचं. पण ज्याचं मीठ खातो त्याला असं विचारतात का?

एकदा कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन आम्ही मोटारीची वाट बघत बसलो होतो. साहेब हळूच म्हणाले, "माझी एकुलती एक बहीण गेली रे. लग्नाआधीच."

मी पाघळलो. रीत माहीत असून पाघळलो. बोलून गेलो. माझीही बहीण लग्न ठरल्यावर वारली होती. आमच्यात नवरी घर सोडताना आईच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. पोरीच्या नशिबी तो आला नाही. म्हणून याडीनं, माझ्या आईनं, तिच्या मढ्यापाशी बसून तिच्या वाटचा ढावलो म्हटला. सगळा तांडा मान खाली घालून उभा होता.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आईवरच्या या लेखाची प्रत साहेबांनी मला करायला दिली नाही. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत जरीच्या पातळातली एक बाई तोंडाला रुमाल लावून हसत होती. सुरुवातीला तिच्यासाठी मीच हार पुढं केला होता. "साहेबांच्या एकुलत्या एक भगिनी, खास अकोल्याहून आल्यात," अशी ओळख झाली, तेव्हा मी तिला निरखून पाहिलं. मानलेली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण नाकडोळे साहेबांचेच. हसणंही तेच.

"म्हण ना," साहेब म्हणाले. "घाबरतोस काय? मी आहे ना."

"नाही म्हणत," मी म्हणालो. "माह्या याडीनं थे मेलेल्या पोरीसाठी म्हटलं. तुमची बहीण तं जित्ती हाये, साहेब. थे पाहा, हासून राह्यली. मेली म्हणून मले कायले सांगतलं?"

बाई रुमाल खाली घेऊन साहेबांकडं वळली. "मी? मी कधी मेले रे, दादा?"

हॉल त्यालाही हसला. साहेबही हसला. "लेखकाला एवढं माफ असतं," म्हणाला. टाळ्या पडल्या.

टोपली तिथंच ठेवली आणि निघालो. कोणी अडवलं नाही.

आता मीही माणसांवर लिहितो. छापणारे छापतात. समोरचा बोलला नाही तर उठून येतो, आपलं मढं पुढं करत नाही. बोलला तर लिहिलेलं आधी त्यालाच वाचून दाखवतो. तो काढ म्हणाला, की काढतो. संपादक चिडतात. चिडोत. साहेबाचं पुस्तक अजून खपतं. त्याच्या शेजारच्या ताटाची अजून आठवण येते, आणि त्या आठवणीचीच जास्त चीड येते.

याडीचा ढावलो मला तोंडपाठ आहे. सगळ्या ओळी. त्यातली एकही मी इथं लिहिलेली नाही. लिहिणार नाही.