एका श्वासातले आकडे

"एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोठ्याने मोजा," डॉक्टर म्हणाले. मी एकतीसपर्यंत पोचलो. त्यांनी कागदावर ३१ लिहिले, गुडघ्यावर रबरी हातोडी पुन्हा मारून पाहिली, पाय हलला नाही. मग त्यांनी आजाराचे नाव सांगितले. गियाँ-बारे सिंड्रोम, थोडक्यात जीबीएस.

रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर उलटते. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. पुष्कळदा त्याआधी ताप किंवा जुलाब होऊन गेलेले असतात. मला पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते. कमजोरी पायांपासून वर चढते. डॉक्टर म्हणाले, "ती छातीपर्यंत आली तर श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून रोज दोनदा हे मोजू. आकडा पंधराच्या आत आला तर आयसीयूत न्यावे लागेल. बहुतेक पेशंट बरे होतात. वेळ लागतो."

हा आजार ज्यांच्या घरी येईल त्यांच्यासाठी लिहितो आहे. मी दोन चुका केल्या. दोन्ही सांगतो.

माझे वय एकोणपन्नास. दारव्ह्याला वजनकाटे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. काटा बरोबर आहे की नाही हे आम्ही प्रमाण वजने ठेवून पाहतो, त्यामुळे दिवसभर उचल-ठेव असते. सोमवारी पाय जड वाटत होते आणि वीस किलोचे वजन उचलेना. पाठ धरली असेल म्हणून सोडून दिले. मंगळवारी दहाचे उचलेना. बुधवारी पाचचे हातातून सुटले आणि फरशीचा टवका उडाला. तीन दिवस मी बाम चोळत होतो. एखाद्या काट्याने तीन दिवसांत असा फरक दाखवला असता, तर सोमवारीच त्याच्यावर कापड टाकून तो बाजूला ठेवला असता. ही पहिली चूक. पायांतून वर चढणारी कमजोरी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गुरुवारी बायको शमीम आणि मित्र देवीदास यांनी मला यवतमाळच्या दवाखान्यात आणले. देवीदासची दारव्ह्याजवळ कापूस-सोयाबीनची शेती आहे. वीस वर्षांपूर्वी तो लटकता काटा दुरुस्तीला घेऊन आला, काटा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी नुसता बसायला आला. तेव्हापासून येतोच आहे.

नर्व्ह कंडक्शन झाली. म्हणजे नसेला विजेचा बारीक झटका देऊन निरोप किती वेगाने जातो ते पाहतात. लंबर पंक्चर झाले, म्हणजे कमरेत सुई घालून पाठीच्या कण्यातले पाणी तपासायला काढतात. ऐकायला वाटते तेवढे दुखत नाही. मग इम्युनोग्लोब्युलिन सुरू झाले. हे निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेले औषध. सलाईनसारखे पाच दिवस देतात.

गुरुवारी संध्याकाळी आकडा २९. शुक्रवारी सकाळी २६, संध्याकाळी २४. हात उचलत नव्हते. चमचा शमीम धरत होती.

देवीदास रोज सकाळी जीपने चाळीसेक किलोमीटर येई आणि नऊच्या आत खाटेजवळ बसे. जीपमध्ये कुणाची कोंबडी सुटली आणि ती ड्रायव्हरच्या मांडीवर कशी बसली, असले काहीतरी सांगे. साडेनऊला डॉक्टर येत. मी मोजत असे आणि मोजताना माझी नजर आळीपाळीने दोघांच्या चेहऱ्यावर असे. आकडा बरा आला की डॉक्टरांच्या कपाळावरची आठी जाई, देवीदास हसे, आणि माझ्या जिवाला बरे वाटे. हे बरे वाटणे भिंतीवरच्या घड्याळाने सव्वा ते दीड तास टिकत होते. मग मी दाराकडे पाहू लागे. कोण येते, कशा तोंडाने येते. नर्सने माझ्याकडे न बघता सलाईन बदलले तर तेवढा दिवस वाया जाई.

नमाज मी सोडली नव्हती. पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्याने पढत होतो. पण खरे सांगायचे तर ती हजेरी होती. दुकानात गर्दी असतानाही मी हजेरी लावून येत असे, तशीच. मन दारापाशीच होते.

शनिवारी माझ्या लक्षात आले की भरभर मोजले तर आकडा वाढतो. मी भरभर मोजले. पंचवीस. संध्याकाळी सव्वीस. डॉक्टर म्हणाले, "छान, स्थिर आहे." देवीदासने खालून बुंदी आणली आणि नर्सना वाटली.

रविवारी सकाळी चोवीस मोजले. डॉक्टर पुढच्या खोलीत गेले. देवीदास हसला नाही.

"रशीद, अकरा-बारा कुठं गेले?"

"म्हटले की."

"नाही म्हटले. काल बी नाही म्हटले, मले वाटलं माह्याच कानाचा फरक हाय. घाई कायले करून राह्यला? कोनाले दाखवाचं हाय?"

त्याने स्टूल जवळ ओढले.

"बाजारात कोनी काटा मारला त तू चारचौघांत त्याची फजिती करतं. अन् इथं सोताच्या जिवाचा काटा मारून राह्यला. डाक्टरले बलाव. नाही त मी बलावतो."

हे सारे मी त्याच्याच चेहऱ्यासाठी करत होतो, हे मला त्याला सांगता आले नाही. मी म्हणालो, "बलाव."

डॉक्टरांनी या वेळी हातात घड्याळ धरले आणि ठेका दिला. मी तेरावर थांबलो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की आणखी काही तास गेले असते, तर धावपळ करून श्वासाची नळी घालावी लागली असती. आता सावकाश घालता येईल. मला आयसीयूत हलवले. ही दुसरी चूक. आपण आजारी असताना डॉक्टरांना खूश करणे हे आपले काम नाही.

आमच्या धंद्यात शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सांगतात की एक काटा दुसऱ्या काट्यावरून तपासायचा नाही. दोन्ही सारखेच चुकलेले असू शकतात. तपासायचे ते प्रमाण वजनावरून. मी चार दिवस माझा जीव देवीदासच्या तोंडावरून तपासत होतो, आणि ते तोंड माझ्या खोट्या आकड्यावरून हसत होते.

व्हेंटिलेटर म्हणजे श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने दिलेला श्वास. माझे यंत्र मिनिटाला चौदा श्वास देत होते; आकडा समोर दिसत होता. बोलणे बंद. मानही हलत नव्हती. पापण्या हलत होत्या, त्याही अर्ध्या. भेटायला संध्याकाळी एकच माणूस, पाच मिनिटे. देवीदासचे सोयाबीन कापणीला आले होते, तो चार दिवस येणार नव्हता. शमीम काचेबाहेर उभी असे, पण मी मान वळवू शकत नव्हतो.

पाहायला एकही चेहरा उरला नाही. पहिले काही तास फार वाईट गेले. त्याचे वर्णन करत नाही. ज्याच्यावर वेळ येईल त्याला आधीच भीती नको.

समोर घड्याळ होते. दीड वाजला. जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजची वेळ. आमच्याकडे सांगतात की मानेचा इशाराही करता येत नसेल त्या माणसावर नमाजची सक्ती उरत नाही. मला हे पाठ होते. म्हणजे हजेरी माफ होती. कुणी विचारणार नव्हते, कुठे लागणार नव्हती.

तरी जावेसे वाटले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

मी मनात सुरुवात केली. रुकूच्या, म्हणजे कमरेत वाकण्याच्या जागी पापण्या थोड्या मिटल्या, सजद्याच्या, म्हणजे कपाळ टेकण्याच्या जागी जास्त. बरे कर असे मागायचे राहून गेले. ते आठवले तेव्हा नमाज संपली होती. जो ऐकत होता त्याला माझा आकडा बरा यायला नको होता. तेरा असलेला मीही त्याला चालत होतो. मला दुसरा शब्द सापडत नाही, तर असे म्हणतो की पोटभर जेवून ताटावरून उठल्यासारखे वाटले. सवयीने घड्याळ पाहिले. दीड तास झाला, दोन झाले, चार झाले. ते उतरले नाही.

औषधाची भूल होती असे कुणी म्हणेल. मलाही शंका आली होती. म्हणून पुढचे सांगतो. चौथ्या दिवशी छातीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. तो मी नीट पाहिला. दमलेल्या, भल्या माणसाचा चेहरा होता. मला त्यांची काळजी वाटली. मला भीतीही होती, पण ती पायाखालची जमीन काढून नेत नव्हती. संध्याकाळी शमीम आत आली तेव्हा पाच मिनिटे मी तिला नुसते पाहिले. तिच्या तोंडावर माझी बातमी शोधली नाही. नंतर ती म्हणाली की त्या दिवशी मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा नीट बघितले.

सहाव्या दिवशी नळी निघाली. तेविसाव्या दिवशी व्हीलचेअरवर घरी आलो. मग फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाने स्नायूंना पुन्हा कामाला लावणे. आधी वॉकर, मग काठी. पाचव्या महिन्यात दुकान उघडले. पाच किलोचे वजन उचलते, दहाचे अजून नाही. पावलांत मुंग्या आहेत. त्या राहतील असे डॉक्टर म्हणतात.

त्या डॉक्टरांचा, नर्सचा, शमीमचा मी ऋणी आहे. देवीदासने त्या दिवशी हसून वेळ मारून नेली असती, तर हे लिहायला मी नसतो. माणसे लागतातच. पण मी त्यांच्याकडे जे मागत होतो ते त्यांच्याजवळ नव्हते, आणि ते नाही म्हणून मी त्यांच्यावर रुसत होतो.

परवा देवीदास दुकानात आला. स्टूलावर बसला, मोबाइलचे घड्याळ काढले आणि म्हणाला, "मोज पाहू. अन् घाई नाही कराची."

मी त्याच्या बोटाच्या ठेक्यावर मोजले. सव्वीस.

"पयल्या दिवशी एकतीस होते लेका," तो म्हणाला. त्याचे तोंड पडले होते.

"आहे तेवढं आहे, देवाभाऊ."

जोहरची वेळ झाली होती. गुडघे अजून पूर्ण वाकत नाहीत म्हणून खुर्चीवर पढतो. मशिदीत एक माझ्यासाठी ठेवलेली असते. मी काठी घेतली. देवीदास उठून माझ्या जागेवर बसला आणि कुणाचा तरी काटा पुसू लागला.