साहेबांच्या दिवाणखान्यातलं खारं पाणी

आमच्या साहेबांना समुद्र आवडायचा, पण काचेच्या आतला. खरा समुद्र बंगल्यापासून जीपने फार लांब नव्हता. तिथे मासळीचा वास येतो म्हणून ते कधी फिरकत नसत.

ऐंशीच्या दशकात मी बोईसरच्या एका रसायन कारखान्यात केमिस्ट होतो. सांडपाणी खाडीत सोडण्याआधी ते स्वच्छ करण्याचा प्लँट माझ्याकडे होता. म्हणजे कागदावर. टाकीतलं पाणी घुसळून त्यात हवा खेळवणारं यंत्र साहेबांच्या हुकमाने बंद असायचं, कारण ते वीज फार खातं. तपासणीला सरकारी अधिकारी येणार असं कळलं की ते सुरू करायचं. एरवी रजिस्टरात पाणी उत्तम असल्याचे आकडे भरायचे आणि खाली सही ठोकायची. सही माझी.

एकदा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, प्लँटचं काही असेल.

"मुंबईहून खाऱ्या पाण्यातले मासे आणलेत," ते म्हणाले. "सारखे मरतायत. पाण्यातलं तुला कळतं. घरी येऊन बघ जरा."

दिवाणखान्यात सहा फुटी काचेची टाकी होती. एका कोपऱ्यात नळीतून बुडबुडे निघत होते आणि साहेबांच्या मते तेवढ्याने काम भागत होतं. मी टाकीतल्या दगडांमागची वाळू हाताने उकरली तर ती काळी निघाली, सडक्या अंड्यांसारखा वास आला.

"पाणी फिरतच नाहीये, साहेब. बुडबुडे सरळ वर जातात. दगडांमागचं पाणी जागचं हलत नाही, घाण तिथेच कुजते."

"पण माळी दर रविवारी वाळू नळाखाली स्वच्छ धुतो!"

"तेही बंद करा. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो संपवणारे जिवाणू त्या वाळूतच वाढतात. नळाच्या पाण्याने तेच मरतात."

मग मी कामाला लागलो. टाकीच्या वरच्या काठाला पाइप बसवून पाणी खाली ठेवलेल्या ड्रममध्ये सोडलं. ड्रममध्ये आधी स्पंज, मग कोळसा, मग शिरगावच्या किनाऱ्यावरून आणलेल्या फुटक्या शिंपल्यांचा जाड थर. त्यातून झिरपलेलं पाणी छोट्या पंपाने टाकीच्या दुसऱ्या टोकाला असं सोडलं की त्याचा झोत दगडांमागून फिरून यावा. पंधरा दिवसांनी थोडं पाणी काढून शिरगावच्या भरतीचं ताजं पाणी घालायचं. ते कॅनमध्ये भरून आणायचं काम साहेबांच्या ड्रायव्हरकडे होतं. तो खाडीकाठच्या मुरबे गावचा होता.

दीड महिन्यात पाणी असं निवळलं की टाकीत पाणी आहे की नाही असं वाटावं. पिवळे, निळे, नारिंगी पट्ट्यांचे मासे आले आणि टिकले. लाइट गेली तर पंप थांबू नये म्हणून साहेबांनी बंगल्यात वेगळा जनरेटर बसवला.

"जीव आहेत रे ते," ते मला कळवळून म्हणाले. "हवा मिळाली नाही तर तडफडतात."

हे सांगणाऱ्या माणसाने खाडीकाठचं यंत्र बंद ठेवलं होतं. आणि ते ऐकून मी समजूतदारपणे मान हलवली.

पुढच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला साहेबांनी थेट बंगल्यावर जेवायला नेलं. मलाही बोलावलं, फिल्टर समजावून सांगायला. अधिकारी टाकीसमोर बसून तळलेलं पापलेट खात होता.

"पाण्याची काय निगा राखता हो!" तो म्हणाला.

"पापलेट सातपाटीचं आहे," साहेब डोळे मिचकावून म्हणाले, "आपल्या खाडीचं नाही, घाबरू नका!"

दोघंही मनमुराद हसले. हात धुऊन अधिकाऱ्याने तिथेच सोफ्यावर अहवालावर सही केली. कारखान्याच्या फाटकातही तो शिरला नाही. जाताना मला विचारून गेला, असा फिल्टर त्याच्या ठाण्याच्या घरी बसेल का.

पावसाळ्यातल्या एका रविवारी दुपारी जीप माझ्या दारात उभी राहिली. बंगल्यावर पोचलो तेव्हा सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. साहेब लालबुंद झाले होते.

"तुझा फिल्टर! काय झालं त्याला?"

पंप चालू होता, झोत नीट फिरत होता. मी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन अमोनिया तपासायचं औषध टाकलं. पाणी गडद तपकिरी झालं, म्हणजे अमोनिया भरपूर.

"ताजं पाणी कुठलं घातलं?"

"शिरगावचा रस्ता खराब झालाय," साहेब म्हणाले. "मीच सांगितलं, खाडीतून भरून आण. शेवटी समुद्राचंच पाणी ना?"

दारात उभा असलेला ड्रायव्हर हळूच म्हणाला, "मी बोललो व्हतो साहेबांना. त्या पाण्यात आमी पाय पन घालत नाय."

"साहेब, फिल्टर ठीक आहे," मी म्हणालो. "हे आपल्याच कारखान्याच्या पाइपाखालचं पाणी आहे."

साहेबांनी वाकून काचेला हात लावला. क्षणभर मला वाटलं, काहीतरी हललं यांच्या आत. मग ते म्हणाले, "बाहेर कुठे बोलू नकोस. आणि टाकी घासून ठेव, पुढच्या आठवड्यात नवे मासे मागवतो."

मी बाह्या दुमडून टाकी घासली. मेलेले मासे ड्रायव्हरने बादलीत भरून नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लँटवर गेलो आणि कुणालाही न विचारता यंत्राचं बटण दाबलं. टाकीतलं काळं पाणी उसळायला लागलं, फेस आला. इतकं बरं मला त्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. तासाभराने फोन वाजला.

"आवाज कसला येतोय? आज कोणी येणार आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग?"

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आदल्या दिवशीच्या बादलीपासून सुरुवात करता आली असती.

"चुकून चालू झालं," मी म्हणालो आणि बटण बंद केलं. मग खुर्चीवर बसून त्या दिवसाचं रजिस्टर भरलं.