लाल मोटारीच्या पाठीवर सायकल

गॅरेजातले किस्से सांगायला बसलो की आमची ही म्हणते, "झालं, आता चूल विझणार!" खोटं नाही. पंक्चर काढायला आलेला माणूस चाक घेऊन जायचा अन् एक किस्सा ठेवून जायचा. किती साचले म्हणून सांगू! कराडशेजारी मलकापुरात, सडकेच्या कडेला उस्मानचाचा मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज. मी तिथं हवा भरायचो. शाळा चौथीतच सुटलेली. मास्तर अन् मी एकमेकांना कंटाळलो! आज फक्त एका सायकलीचा सांगतो.

*

लढाई नुकतीच संपलेली. आमच्या गावचे आबा सुभेदार पलटणीतून घरी आले ते मोटार घेऊनच. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबानं जाता जाता ती त्यांना देऊन टाकलेली. रेसची मोटार! लालभडक, बिनटपाची, दोन माणसांपुरती, पाठीवर जादाचं चाक. उसाचे गाडीवान बैल थांबवून बघायचे.

चाचानं तर तिला लगेच हात लावला नाही. आधी हात धुतले, मग लावला.

मी विचारलं, "सुभेदार, ह्यात सामान कुठं ठिवायचं?"

"सामानवाल्यानं बैलगाडी घ्यावी!"

*

अन् महिन्याभरात सामान सुभेदारांचंच निघालं. लेक तारा मॅट्रिक झाली, सांगलीच्या कॉलेजात जाते म्हणाली. राहायचं मावशीकडं, पण मावशी गावाच्या ह्या टोकाला, कॉलेज त्या टोकाला. म्हणजे सायकल हवीच. तिच्या चुलत्यानं निकाल दिला, "सायकल सांगलीला पोचली तर पोरगी शिकंल. न्हाईतर दोघी घरात ऱ्हातील." फॉर्म सोमवारी चारच्या आत द्यायचा होता.

मी म्हटलं, "सायकल रेल्वेनं धाडा की."

"दारात मोटार असताना?"

मुंबईच्या एका दुकानाला लोखंडी कॅरिअरचा भाव विचारला. उत्तर वाचून सुभेदारांनी कपातला चहा तसाच खाली ठेवला, अन् आले चाचाकडं. "मिस्त्री, एकच अट. मोटारीला भोक न्हाई, रंगाला वरखडा न्हाई, आन् खर्च न्हाई."

"आवं, ह्या तीन झाल्या," मी म्हटलं.

"पलटणीत ही एकच असती!"

*

चाचा दिवसभर मोटारीभोवती फिरला. मग त्यानं माझ्या घरची मोडकी बाज मागवली. बाजेचे दोन दांडे पाठीवरच्या जादा चाकाला आडवे धरले अन् फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळले. लाकडाला वाकळेच्या चिंध्या गुंडाळल्या. त्यावर सायकल उभी केली अन् बैलाच्या जुन्या चामडी पट्ट्यानं बांधली. खिळा एक नाही! सुभेदारांनी सायकल धरून गदागदा हलवली, तर सायकल जागची हलली नाही, अख्खी मोटारच हलली!

आम्ही सगळ्यांनी हात जोडले. देवळात जोडतो तसे.

गाठ तर चाचाची स्वतःची. पुढं पंधरा वर्षं मी ती बघितली. मला ती ना बांधता आली, ना सोडता. तारा मात्र शेजारी उकिडवी बसून चाचाची बोटं बघत होती. मी म्हटलं, "अगं, फॉर्मात हे इचारत न्हाईत!"

*

सोमवारी सुभेदार अन् तारा निघायला आले अन् माझा हात शिवशिवला. शेळीच्या गळ्यातली घंटी मी गुपचूप दांड्याखाली बांधली. गंमत म्हणून!

सुभेदारांना वाटलं, मोटारीचं काहीतरी निखळलंय. दर मैलाला थांबायचे, इंजिन चालू ठेवून कान लावायचे. मोटार थांबली की आवाज बंद! पेट्रोल तेव्हा कुपनावर, मोजून मिळायचं. आष्ट्याच्या पुढं ते संपलं. घड्याळात अडीच, सांगली अजून दहा-बारा मैल.

सुभेदारांनी सायकलीची गाठ धरली. सुटेना. दातानं ओढली. सुटेना. जर्मनाशी लढलेला माणूस बैलाच्या पट्ट्यापुढं घामाघूम झाला!

"आबा, जरा बाजूला व्हा," तारा म्हणाली. एक टोक आत ढकललं, दुसरं ओढलं. सायकल रस्त्यावर! पदर खोचला अन् गेली.

पावणेचारला फॉर्म खिडकीत. क्लार्कनं विचारलं, "वडील कुठायत?"

"मागनं येत्यात. बैल मिळायला वेळ लागला आसंल."

दिवेलागणीला सुभेदार सांगलीत शिरले. पुढं दोन बैल, मागं लाल मोटार, अन् माझी घंटी अखंड चालू!

*

तिसऱ्या दिवशी ती घंटी घेऊन सुभेदार गॅरेजात आले. मी पत्र्यामागं लपलो होतो. कॉलर धरून बाहेर काढलं अन् घंटी माझ्या गळ्यात बांधली. आठ दिवस काढायची नाही असा हुकूम! गिऱ्हाइकं मला पाला आणून द्यायची.

मग चाचाला म्हणाले, "वरखडा एक न्हाई, मिस्त्री. मानलं! पर आता उलटी सोय करा. सायकलीवर मोटार न्यायची!"

सगळे खो खो हसले. मी हसलो तेव्हा घंटीही वाजली.

*

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला सुभेदार ताराला आणायला गेले. येतील तेव्हा सायकल पाठीवर असणारच, म्हणून आम्ही सडकेकडं डोळे लावून बसलेलो. दुपारी तारा आली. एकटी, सायकलीवर, धुळीनं माखलेली. मागच्या कॅरिअरवर लाल मोटारीचं चाक, आडवं, पट्ट्यानं आवळलेलं.

"एक चाक पंक्चर झालं, चाचा. जादाचं घातलं, तेबी बसलं. आबा कासेगावापाशी मोटारीत बसल्यात."

"एवढ्या खड्ड्यांतनं आणलंस? हललं न्हाई?"

"न्हाई."

चाचा चाक उतरवायला वाकला. गाठीचं एक टोक आत ढकललं, दुसरं ओढलं. गाठ तशीच. चष्मा लावला. पुन्हा ढकललं, पुन्हा ओढलं.

"कुणाची गं ही गाठ?"

"तुमचीच. एक येढा माझा जादा हाय."

चाचानं डोक्यावरची टोपी काढली, बादलीत हात धुतले अन् सायकलीशेजारी उकिडवा बसला.

"सोड," म्हणाला. "सावकाश सोड."