सर्जाचं पथ्य आणि गडावरची कुस्ती

जात्यावर ज्वारी दळत होते, तेवढ्यात धाकटा दीर संपत दारात आला. "वैनी, दादाचा लंगोट कुठं हाय?"

माझा हात थांबला. त्याला नारायणगडाच्या जत्रेत कुस्ती धरायची होती. त्याच फडात माझ्या मालकांच्या बरगडीला मार लागला होता. हकीमसाहेबांनी पडून राहा म्हणून बजावलं, तरी ते पुन्हा खेळले आणि गेले. तेव्हापासून आमच्या घरात पथ्य कुणी मोडत नाही.

लंगोट काढून दिला, पण निघताना संपतला चौसाळ्याच्या हकीमसाहेबांकडे नेलं. याला खेळू नको म्हणा, अशी विनवणी केली. त्यांनी नाडी पाहिली.

"बाई, निरोग्याला आजार कुठून देऊ? प्रवासाला पुडी न्या, पोट बिघडलं तर द्या. पर घेतल्यावर दोन दिवस मेहनत न्हाई."

मी पुडी पदराला बांधली आणि शिदोरीत ठेचा जरा जास्तच घेतला.

बीडपर्यंत सडक बरी आहे. धर्मशाळेत मुक्काम फुकट, कडबा मात्र घरचा न्यावा. संपतनं सगळा ठेचा खाल्ला आणि छान झोपला. पोट फुगलं ते आमच्या सर्जाचं. पुढच्या दगडी वाटेवर बैल खालीच बसला. संपतनं पुडी मागून घेतली आणि गुळातून त्याला चारली. सर्जा उठला. मी म्हटलं, जुंप आता.

"त्यानं औषध घेतलंय, वैनी. पथ्य हाय."

"बैलाला?"

"आपल्या घरचा हाय का न्हाई?"

मी सर्जाचं दावं गाडीच्या मागं बांधलं. संपतनं दुसऱ्या बैलाशेजारी, राजाशेजारी, स्वतःचा खांदा जुवाला दिला. सर्जा गाडीमागे कडबा चघळत रमतगमत आला. चढावर लोकांना वाटलं, नवस आहे. बायांनी संपतला गुलाल लावला. फडात त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो गाडीखाली घोरत होता. जोडीचा पैलवान बोलवायला आला, अन् गुलाल पाहून संपतच्या पाया पडूनच गेला.

पथ्य संपल्यावर परतलो. संपतचा हात वर होईना. "जू लई टोचतं, वैनी. सर्जा कधी बोलला न्हाई."

हकीमसाहेबांना सगळं सांगितलं. बैलाचं मी पाहत नाही, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मालकांचा लंगोट उसवला आणि त्याची सर्जाच्या जुवाखाली घालायला गादी शिवली.