चाकं टेकल्यावर आवळायचे बोल्ट

फोन ठेवू नकोस, नीट ऐक. परवा फोनवर किती सहज म्हणालीस, "मावशी, विकून टाक गं तो खटारा." असं तोंडाला येईल ते बोलू नये. गाडी एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे तुझ्या थोरलीएवढी. तिला कुणी खटारा म्हटलं तर तुला चालेल का?

ती विकायची नव्हती याला कारण तुझे काका. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठ महिने ते घोटीला गेले नव्हते. घोटीला त्यांची थोरली बहीण, आमची आक्का. वय नव्वदीच्या घरात, जिना उतरणं तिने सोडलंय. रोज सकाळी तिचा फोन यायचा. "येतोस का रे?" हे म्हणायचे, "येतो." ती म्हणायची, "बरं." झाला फोन. एके दिवशी मात्र तिने विचारलं, "तू आता नाहीच का येणार?" त्या दिवशी काका जेवले नाहीत. मला म्हणाले, भूक नाही. घरात पुरणपोळी होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रवास करा, पण दणका नको. मुलाची गाडी उंच, तिच्यात चढायला पाय गुडघ्याएवढा उचलावा लागतो, तो यांचा उचलत नाही. भाड्याची गाडी मागवून बघितली. ड्रायव्हरने पहिला गतिरोधक असा उडवला की काका कोपऱ्यावरच उतरले. राहिली आमची. सीट खाली आहे, मागे कलते, आणि चालवणारी मी. काका शेजारी बसून पायाने ब्रेक दाबतात. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही हे त्यांना माहीत आहे.

पण गाडी पुढून खडखडत होती. चाकाचा आडवा दांडा गाडीच्या अंगाला जोडतात ना, तिथे रबराचं एक जाड कडं असतं, त्याला बुश म्हणतात. ते फाटलं की लोखंड लोखंडावर आपटतं. आमचे बुश दर पाच-सहा महिन्यांनी फाटायचे. घराजवळचा गॅरेजवाला प्रत्येक वेळी म्हणायचा, "काकू, हल्ली रबरच चांगलं येत नाही." मला पटायचं. हल्ली काहीच चांगलं येत नाही.

मग मी ठरवलं, टिकाऊ माल आपणच शोधायचा. आमच्या द्वारका चौकातल्या, गाड्यांच्या पार्टच्या दुकानांत माझ्या तीन सकाळी गेल्या. आपल्याला माठ वाजवून घ्यायची सवय, दुधीला नख लावून बघायची सवय. मी बुशलाही नख लावलं. रबरात नख रुतलं. तेव्हा दुकानदाराने लाल रंगाचा, प्लास्टिकसारखा टणक बुश पुढे ठेवला. "हा घ्या. गाडी संपेल, हा संपणार नाही." त्यात नख रुतलं नाही. कडक इस्त्री, कडक शिस्त, कडक सासू, सगळं टिकताना मी बघितलंय. घेतला. गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंना बसवून दिला आणि खडखड बंद झाली.

शनिवारी निघालो. विल्होळी यायच्या आतच रस्त्यावरचा खडा न खडा काकांच्या पाठीत वाजायला लागला. मी विचारलं, "अहो, दुखतंय का?"

"नाही. तू चालव. कोणतं चाक कधी खड्ड्यात गेलं ते मी डोळे मिटून सांगतो."

चार वेळा बरोबर सांगितलं. पाचव्यांदा दोन्ही हातांनी सीट धरली. बघते तर कपाळावर घाम. मी गाडी वळवली. काका दोन दिवस पडून होते. आक्काला फोनवर सांगितलं, गाडी बंद पडली. गाडीवर आळ घेतला, चूक माझी होती.

सोमवारी गाडी घेऊन परत द्वारकेला गेले. त्या दुकानासमोरच एक म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांनी बोनेटचा कोपरा खाली दाबून सोडला. गाडी वर आली आणि गप्प उभी राहिली. "शॉकअप ठीक आहेत," म्हणाले. मग खाली वाकून बघितलं. "हे लाल बुश कोणी निवडले?"

"मीच."

"काकू, तुम्ही शर्यतीला जाता का?"

"घोटीला जाते."

"मग हे काढा. हे धक्का गिळत नाहीत, जसाच्या तसा वर पाठवतात."

मी म्हटलं, रबर टिकत नाही हो. फाटलेले जुने बुश डिकीत पिशवीत होतेच, मी काही टाकत नाही. त्यांनी एक उजेडात धरला. "हा झिजलेला नाही, पिळून फाटलाय. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळताहेत, अशात बोल्ट आवळला की रबर तसंच धरलं जातं. गाडी खाली टेकली की ते पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. किती दिवस सोसेल?"

मला एकदम कळलं. पस्तीस वर्षं ब्लाऊज शिवले मी. बाई हात वर करून उभी असताना माप घेतलं, की हात खाली आल्यावर काखेत ओढतं आणि शिवण तिथेच उसवते. लोक म्हणतात, दोरा कच्चा. हे मी मिस्त्रींना सांगितलं.

"तेच," ते म्हणाले. "फक्त ब्लाऊजवाली भांडायला येते, बुश येत नाही."

त्यांनी कंपनीचेच रबरी बुश आणायला लावले, दोन्ही बाजूंचे एकदम, कारण एका बाजूलाच नवा बसवला तर गाडी लंगडते म्हणे. बोल्ट नुसते अडकवून गाडी चाकांवर उभी केली आणि स्वतः गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून मग आवळले. गाडीवर रोजचं वजन पडावं म्हणून मी स्टिअरिंगवर जाऊन बसले. खालून आवाज आला, "काकू, बसायची गरज नाही."

"असू दे. एरवीही मीच बसते."

पुढच्या शनिवारी पुन्हा निघालो. वाडीवऱ्हे मागे पडलं तरी काकांचा आवाज नाही. वळून बघितलं तर झोपले होते, पाय ब्रेकच्या जागी तसाच.

आक्काचा जिना चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. ती वर दारात उभी राहून एकेक पायरी मोजत होती. "आलास?" "आलो." "बरं." मग त्यांना जवळ बसवून सदऱ्यावरून पाठ चाचपली, टाके किती पडले ते विचारलं आणि वाळलास म्हणून मला बोलणी बसली. नव्या तांदळाचा भात होता. काकांनी तीनदा घेतला.

त्याला दीड वर्ष झालं. बुश तेच आहेत, आणि आम्ही दर पंधरा दिवसांनी घोटीला जातो. आक्का प्रत्येक वेळी तुझं विचारते. तिला आता माणूस दारात आलं तरी पटकन ओळखू येत नाही, जवळ बसून बोलावं लागतं. तेव्हा तिला भेटायचं पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. या शनिवारीच ये. पुण्याची बस द्वारकेला थांबते, मी घ्यायला येते. पुढे काका बसतात, तुला मागे बसावं लागेल.